लाकूड पाण्यात हाय : भंडाऱ्याच्या मंडईत हातानं घडवलेल्या गिटारी

पंचेचाळिशी ओलांडली की बायका एक तर योगासनांना जातात, नाही तर भजनी मंडळाला. आम्ही चौघींनी बँड काढला. एक दातांची डॉक्टर, एक भूगोलाची शिक्षिका, एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आणि चौथी मी, जिला लोक 'अजून लिहितेस का?' असं काळजीनं विचारतात. बँडला नाव नाही, कारण नाव ठरवायला बसलो की आधी चहा होतो आणि नंतर भांडण. बेस गिटार माझ्या वाट्याला आली, कारण उरलेल्या तिघींना लोकांना ऐकू जाईल असं काहीतरी वाजवायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. वाजत असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. थांबली की 'काहीतरी चुकतंय' असं सगळ्यांना वाटतं. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

अडचण होती ती वजनाची. माझी उंची चार फूट अकरा इंच. बाजारातून आणलेली माझी बेस ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बनवली होती, तो बहुधा झाडावरचे नारळ उभ्यानं काढत असावा. सहा महिन्यांत माझा खांदा गेला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं, "काकू, एक तर गिटार सोडा, नाही तर मला तुमच्याच घरी एक खोली द्या."

त्याच सुमारास फोनवर एक व्हिडिओ पाहिला. पत्र्याची शेड, मागं बैलगाडीचं चाक टेकवलेलं, आणि पुढं बनियनवर बसलेला एक माणूस मांडीवर चकचकीत बेस घेऊन वाजवतोय. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, नाकाडोंगरीच्या अलीकडचं एक गाव. गावाचं नाव मी मुद्दाम सांगणार नाही. तुम्ही रांग लावाल आणि माझा नंबर मागं जाईल.

त्याला फोन केला. घनश्याम त्याचं नाव, जातिवंत वाढई. वाढई म्हणजे सुतार. त्या भागात हाच शब्द. माझी उंची, हाताची लांबी, बोटांची लांबी सगळं विचारून घेतलं. शिंपीसुद्धा इतकं विचारत नाही. मग म्हणाला, "हलकी पायजे त शिवणीच्या लाकडाची बनवू, ताई. फुलावानी होते."

"किती दिवस लागतील?"

"आधी लाकूड पाण्यात टाकतो."

त्यांच्या शेताला लागून एक बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी राखलेलं छोटं तळं. तिथं शिवणीची फळी दगडाखाली बुडवून ठेवायची. काही महिन्यांत लाकडातला चीक पाण्यात उतरतो, मग त्याला कीड लागत नाही आणि ते वाकत नाही. बैलगाड्यांसाठी त्याचा बाप असंच करत आला, बापाचा बापही. हे सगळं ऐकायला सुंदर आहे, आगाऊ रक्कम भरलेली नसेल तर. मी दर महिन्याला फोन करायचे आणि तो तितक्याच प्रेमानं सांगायचा, "लाकूड पाण्यात हाय, ताई." सहा-सात महिन्यांनी प्रगती झाली. "लाकूड सावलीत हाय." आमच्या घरी नातेवाइकांच्या तब्येतीच्या बातम्या याहून झटपट बदलतात.

दीड वर्षानं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, त्याचा स्वतःहून फोन आला. "ताई, झाली तुमची बेस. मंडईले या. साऱ्या गिटारी मंडईत दाखवून राहिलो."

नवऱ्याचं मत होतं, कुरिअरनं मागव. मी म्हटलं, वाटेतली भजी काय कुरिअरवाल्यानं खायची?

दिवस पहिला: तुमसरले त तांदूळ भेटते

नाशिक रोडहून संध्याकाळनंतर गोंदियाकडे जाणारी गाडी घ्यायची. सकाळी नागपूर, मग भंडारा रोड आणि त्याच्या पुढं तुमसर रोड. आरक्षण महिनाभर आधी करा. दिवाळीनंतर अख्खा विदर्भ माहेराहून सासरी आणि सासरहून माहेरी जात असतो. मला बाजूचा वरचा बर्थ मिळाला. चार फूट अकरा इंचाचा जन्मात एवढा एकच फायदा.

नागपूरला समोर एक काका येऊन बसले. डबा उघडता उघडता म्हणाले, "कुठी जाऊन राहिले?"

"तुमसरला. गिटार आणायला."

काकांनी घास खाली ठेवला. "तुमसरले त तांदूळ भेटते."

"हो, पण मला गिटार हवीय."

"गिटार नागपुरात भेटते. तुम्ही मांगं सोडून आल्या." आणि तुमसर रोड येईपर्यंत ते माझ्याकडे, चुकीच्या गाडीत बसलेल्या बाईकडे बघावं तसं बघत राहिले.

तुमसर रोड स्टेशन गावापासून लांब आहे. बाहेर सहा आसनी रिक्षा असतात. तीस रुपये, आणि सहा आसनी हा शब्द मनावर घ्यायचा नाही. तुमसरच्या बसस्थानकाबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले. तर्री हे काय प्रकरण आहे ते दुसऱ्या घासाला कळतं, आणि नंतर बराच वेळ कळत राहतं. नाकाडोंगरीकडची बस तासाभरानं मिळाली. वाटेत मँगनीजच्या खाणींचे ट्रक जातात, त्यामुळं रस्त्याकडेची झाडं कमरेपर्यंत काळी. मी पांढरी ओढणी नेली होती. तिच्याबद्दल आता बोलायला नको. पण रस्ता सोडून नजर आत नेली की कापणीला आलेलं धान, मधूनच कापून रचलेले ढीग आणि पाण्यावर बसलेले बगळे. त्या वासासाठी तरी एकदा जा. ओला भात आणि उन्हात तापलेलं गवत यांचा मिळून तो वास आहे, आणि तो बाटलीत भरून विकायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही, हे नशीब.

फाट्यावर घनश्याम मोटारसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, अबोल, भुवयांवर भुसा. माझी बॅग उचलून म्हणाला, "ताई, फोनवर तुम्ही उंच वाटल्या होत्या."

घरी पुढची मोठी खोली गिटारींची. भिंतीला पाच गिटारी आणि दोन बेस टांगलेल्या. एकीचं अंग बिजाच्या लाकडाचं, मधाच्या रंगाचं. मान सागवानाची. तारा जिच्यावर बसतात ती पट्टी पितळेची, भंडाऱ्याच्या एका पितळकामवाल्याकडून ओतून आणलेली. पिढ्यान्‌पिढ्या घागरी घडवलेल्या हातांची. कोपऱ्यात घनश्यामची बायको लता शिलाई मशीनवर बसली होती, पण सुईच्या जागी तिनं एक चपटी रीळ लावली होती आणि केसापेक्षा बारीक तांब्याची तार तिच्यावर गुंडाळत होती. हा गिटारीचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडून पुढं पाठवणारा भाग. एका रिळावर हजारो वेढे. लता लग्नाआधी बिड्या वळायची.

"बिडीच्या पानाले जोर लावला का फाटते, तारेले जोर लावला का तुटते," ती म्हणाली. "बोटाले आधीच माहीत होतं."

आणि अंगणात, खाटेवर, घनश्यामचे वडील. सुखदेवबाबा. बारा गावांत त्यांच्या बैलगाड्या. त्यातही शंकरपटाचे छकडे, म्हणजे बैलांच्या शर्यतीत पळतात त्या हलक्या गाड्या, ही त्यांची खासियत. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. वेळ फार लागला नाही.

"तुम्हीच का त्या गिटारवाल्या बाई?"

"हो."

"तुमच्या घरी दरवाजे हायेत?"

"आहेत."

"कोनं बनवले?"

"बिल्डरनं. पावसाळ्यात एकही लागत नाही."

"मंग दरवाजे कायले नाई मांगत?" बाबा म्हणाले. "दरवाजा नाई लागत अन् गिटार मांगून राहिल्या."

मी पहिल्या झटक्यात 'बरोबर आहे' म्हटलं. याची नोंद आमच्या घरी व्हायला हवी होती.

भात आणि पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्सेदार भाजी वाढताना लतानं खरा प्रकार सांगितला. पुढची खोली मुळात चौकटी-दरवाज्यांची. तीन वर्षांपूर्वी घनश्यामनं ती गिटारींसाठी घेतली आणि चौकटी अंगणात पावसात आल्या. बाबांनी तीन वर्षं सहन केलं. मग दसऱ्याला चार माणसांसमोर शब्द घेतला: या मंडईपर्यंत. नागपूरचे प्रमोदभाऊ, ज्यांच्या दुकानातून या भागातल्या नाटक कंपन्यांची आणि ऑर्केस्ट्रांची वाद्यं जातात, ते उद्या दुपारी मंडईत येणार. त्यांनी गिटारी दुकानात लावल्या तर खोली घनश्यामची. नाही तर परवापासून तो बापाबरोबर चौकटींना रंधा मारायला बसणार.

"अन् तो बसन," लता म्हणाली. "शबद दिला ना. याहीच्या घरी शबद म्हंजे लयच."

संध्याकाळी उजेड असतानाच घनश्यामनं माझी बेस माझ्या हातात दिली. मी तिच्याबद्दल फार काही लिहिणार नाही, कारण लिहायला लागले की मला वाईट वाटतं. शिवणीचं फिकट अंग, मान माझ्या हाताच्या मापाची, आणि वजन? गळ्यात अडकवली तेव्हा मला वाटलं, पट्टा नुसताच अडकवला आणि गिटार राहिली. दीड वर्षं मनात साठवलेली सगळी वाक्यं मी गिळली.

घनश्यामनंच बनवलेल्या लाकडी स्पीकरच्या पेटीला तार जोडून मी वाजवायला लागले. नव्या जाड तारांवरून बोट सरकलं की एक 'कुईं' असा आवाज येतोच. सगळ्या जगात येतो. पण खाटेवरचे बाबा ताठ झाले.

"कुरकुरते," ते म्हणाले.

"बोट घसरलं का वाजतेच तसं, बाबूजी," घनश्याम म्हणाला.

"माही एकबी गाडी पटावर कुरकुरली नाई. एकबी नाई." बाबा उठले. "चार गावचे लोक पायतीन उद्या. कुरकुरनारी वस्तू घेऊन जाशीन?"

आणि काठी टेकत गोठ्याकडे निघून गेले. लतानं माझ्याकडे बघून मान हलवली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, म्हातारा रुसला.

दिवस दुसरा: मंडई

मंडई म्हणजे भाजीमंडई नव्हे. दिवाळीनंतर या भागातलं एकेक गाव आपापल्या दिवशी जत्रा भरवतं, ती मंडई. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दंडार नाचते, जिलेबी तळते, आणि बऱ्याच घरांतल्या उपवर मुलामुलींची गर्दीत येता-जाता नजरपाहणी होते. राहायला गावात लॉज नाही. कुणाकडे तरी पाहुणे म्हणून जायचं, किंवा तुमसरला राहून सकाळी यायचं. पाहुणे म्हणून गेलात तर प्रत्येक घरी वडे खावे लागतात. पोटाचा विचार आधी करून ठेवा.

गिटारी मैदानावर गेल्या त्या बैलगाडीतून. गोधड्यांत गुंडाळून, दोरीनं बांधून, शेजारी स्पीकरची पेटी आणि बॅटरी. गाडी स्वतः सुखदेवबाबा हाकत होते. डोक्याला नवा फेटा, धोतर कडक. घनश्याम म्हणाला, "बाबूजीनं पहाटेच भरल्या साऱ्या. म्या पाहालेबी नाई गेलो." त्याला बापाचं हे वागणं चांगलं लक्षण वाटत होतं की वाईट, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. गाडीचा मात्र एवढासा आवाज नव्हता. खडबडीत रस्त्यावरून ती अशी चालली होती की मागं गिटारी आहेत की अंडी, सांगता येऊ नये.

आमची जागा जिलेबीवाला आणि बांगड्यावाली यांच्या मधोमध. लतानं पुठ्ठ्यावर पाटी रंगवली होती: 'हातानं बनवलेल्या गिटार व बेस. पाहायचे पैसे नाही. जिलेबीचे हात पुसून मगच हात लावावा.' गोधड्या प्रमोदभाऊ आल्यावरच सोडायच्या, असं ठरलं होतं. तोवर घनश्यामनं मोटारसायकलवरून वेगळ्या आणलेल्या, पिकअप न लावलेल्या दोन जुन्या नमुन्याच्या वस्तू, एक गिटार आणि एक बेस, बांबूला टांगल्या. त्यांच्यासमोर मंडई येऊन थांबायला लागली.

"यात गाने भरून येते का आपल्याले भरा लागते?"

"सहा तारांची अन् चार तारांची एकाच भावात काहून? हिच्यात दोन तारा त कमी हायेत!"

"घनश्यामभाऊ, हिच्या पाठीवर पोळ्या लाटता येतीन का गा?"

घनश्याम प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होता. पोळ्यांच्या प्रश्नालासुद्धा. एक आजीबाई माझा हात धरून म्हणाल्या, "कोनाकडचे पाहुणे वं, बाई?"

"वाढयांकडचे."

"पोरगी पायाले आले?"

"गिटार पाहायला."

"आवडली?"

"आवडली. हलकी आहे."

"मंग बोलणी करून टाका," आजीबाई म्हणाल्या, "मंडईत ठेवून गेलं का दुसऱ्याची नजर पडते." हे त्या बोलल्या तेव्हा मी हसले होते.

दुपारी बाराच्या सुमाराला प्रमोदभाऊ आले. पांढराशुभ्र शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गाडीची किल्ली फिरतेय. घनश्यामनं नमस्कार केला आणि गोधड्या सोडल्या. मधाच्या रंगाची ती बिजाची गिटार उन्हात आली तेव्हा जिलेबीवालासुद्धा झारा थांबवून बघत राहिला.

"एक नंबर फिनिशिंग, यार," प्रमोदभाऊ म्हणाले. गळ्यात अडकवली. डाव्या हातानं मान धरली, बोटं तारांवर दाबली, उजव्या हातानं छेडली.

बोटं सुर्रकन सरकून थेट खाली आली. आवाज आला तो खोकला दाबल्यासारखा. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सरकलं. मग त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. काळा. कपाळावर घाम आला म्हणून तोच हात कपाळावरून फिरवला, तिथून तो मिशीवर आला, आणि शेवटी, सवयीनं, शर्टावर.

"हे काय आहे बे?"

घनश्यामनं दुसरी गिटार उचलली. तिसरी. सगळ्यांच्या तारा, कान पिळायच्या खुंट्या, पितळी पट्ट्या, सगळं काळंभोर आणि बुळबुळीत. त्यानं बोट नाकाशी नेलं आणि सावकाश मागं वळून पाहिलं.

बैलगाडीच्या जुवावर बसलेले सुखदेवबाबा समाधानानं म्हणाले, "आता नाई कुरकुरनार."

एरंडीचं तेल आणि धानाच्या तणसाची, म्हणजे पेंढ्याची, राख खलून केलेलं गाडीच्या आसाचं वंगण. पटाच्या दिवशी पहाटे छकड्याला लावतात ते. बाबांनी पहाटे चार वाजता उठून सात वाद्यांना, एकेका तारेला, बोटानं चोळून लावलं होतं.

घनश्यामनं गिटार गोधडीवर ठेवली. मग हळू म्हणाला, "बाबूजी, बंदच करायचं होतं त सांगायचं होतं. शबद दिला होता ना मी."

म्हातारा उभा राहिला. "बंद करायचं असतं त लावलो असतो कायले? वंगण कोन्या गाडीले लावतो मी? दुसऱ्याच्या लावतो? जे पटावर आपल्या नावानं पळते तिलेच लावतो ना!"

घनश्याम बापाकडे बघत राहिला. तीन वर्षांत त्या खोलीत पाऊल न टाकलेला माणूस अंधारात उठून सात वाद्यांच्या अडतीस तारा चोळत बसला होता.

प्रमोदभाऊंना यातलं काही समजायचं कारण नव्हतं. ते मिशी पुसत किल्ली शोधत होते. "जाऊ दे, घनश्याम. पुढच्या साली पाहू."

लता तोवर भज्यावाल्याकडे धावली होती. परातभर कोरडं बेसन घेऊन आली आणि मला म्हणाली, "ताई, याहीले अर्धा घंटा थांबवा." बेसनानं तेल निघतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, गिटार बनवणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांना बहुधा माहीत नाही. ती आणि घनश्याम मांडी घालून तारांना बेसन चोळायला बसले.

माणसाला अर्धा तास थांबवायचं कसं? माझ्याकडे एकच गोष्ट होती. मी माझी बेस उचलली. तिच्या जाड तारांच्या वेढ्यांत वंगण इतकं खोल गेलं होतं की बेसन काय करणार. गळ्यात अडकवली, पेटीला जोडली आणि, आमच्या बँडला दोन वर्षांत जी एक चाल धड येते, चार सुरांची, ती वाजवायला लागले.

पहिल्या सुरालाच मी दचकले. 'कुईं' नाही, खणखणाट नाही. नुसता धम्म. ओल्या मातीवर पाय पडावा तसा. बोटं घसरत होती, पण एका सुरावरून दुसऱ्यावर अशी गुळगुळीत जात होती की मी कुणी जाणकार आहे असा लोकांचा समज व्हावा.

पलीकडं दंडार चालू होती. लुगडी नेसलेले, ओठ रंगवलेले, मिशा मात्र तशाच ठेवलेले बाप्ये रिंगणात नाचत होते. त्यांच्या ढोलकीवाल्यानं मान वळवली, दोन क्षण ऐकलं आणि ठेका माझ्या चालीवर आणून बसवला. मग रिंगणच सरकत सरकत आमच्या दुकानापुढं आलं. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. नऊवारीतला एक धिप्पाड गडी माझ्यापुढं येऊन गिरकी घेत ओरडला, "बाई, थांबजो नको!"

मी थांबले नाही. थांबायचं कसं ते मला येत नव्हतंच. आमच्या बँडचीही तीच अडचण आहे.

अर्धा तास झाला असेल. मान वर केली तेव्हा प्रमोदभाऊ काळ्या मिशीसह पेटीला कान लावून बसले होते.

"तार कोणती लावली आहे, मॅडम? हा साउंड... ही इंपोर्टेड आहे का?"

"एरंडी," सुखदेवबाबा म्हणाले.

प्रमोदभाऊंनी बेस स्वतःच्या गळ्यात अडकवली, उचलून पाहिली, पुन्हा उचलून पाहिली. तोवर लतानं बेसनानं चकचकीत केलेली बिजाची गिटार घनश्यामनं पुढं केली. तीही त्यांनी वाजवली, बाकीच्याही, दुसरी सागवानाची जड बेससुद्धा. मग म्हणाले, "ऐक, घनश्याम. नाटकाचा सीझन आहे. आमचे पोट्टे रात्र-रात्र उभे राहून बेस वाजवतात, खांदे तुटून राहिले त्यांचे. इतकी हलकी मी कुठं पाहिली नाही. सगळी मांडणी दुकानात लावतो. पण ही आजच घेऊन जातो. हिच्यावर बाकीच्या ऑर्डरी येतील."

घनश्यामनं बेस त्यांच्या गळ्यातून अलगद काढली. "बाकी साऱ्या घ्या. हे नाई भेटत. हे ताईची हाय."

"मग बाकीच्या काय नुसत्या टांगून ठेवू? लोकं दुकानात येतात ते काही वेगळं पाहायला येतात, यार."

"ताई दीड साल थांबल्या. शबद दिला मी."

याच्या घरी शब्द म्हणजे लयच, हे लतानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिची बोटं बेसनाच्या परातीत थांबली होती. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. बैलाच्या मानेवरची माशी उडवत होते, जी तिथं नव्हती.

मी स्वभावानं उदार नाही. सोसायटीतल्या कुणालाही विचारा, मी साखरसुद्धा वाटी सपाट करून देते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं अंगणात पावसात भिजणाऱ्या चौकटी आल्या, आणि त्या चौकटींना रंधा मारत बसलेला, शब्द पाळणारा हा गाढव.

"घेऊन जा," मी प्रमोदभाऊंना म्हटलं. "पण तारा धुतल्यात तर मी नागपूरला येईन."

घनश्याम काहीतरी बोलायला गेला. मी म्हटलं, "तू बोलू नकोस. लाकूड आहे का दुसरं?"

उत्तर बापानं दिलं. "हाय."

दिवस तिसरा: परत

सकाळी आम्ही बोडीवर गेलो. सुखदेवबाबांनी शिवणीची फळी स्वतः निवडली होती, बोटाच्या पेरानं ठोकून. धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरले, फळी आडवी ठेवली, वर दोन दगड. दोन-चार बुडबुडे आले. घनश्याम काठावरून म्हणाला, "बाबूजी, मी उतरतो ना." "तुले दगड ठेवता येत नाई," बाबा म्हणाले. खोलीचा विषय कुणी काढला नाही. घरी परतलो तेव्हा अंगणातल्या चौकटी मात्र गोठ्यात हलवलेल्या दिसल्या.

परतताना मी भंडाऱ्यावरून आले. वेळ असेल तर तुम्हीही या. तुमसरहून बस वारंवार असतात. पितळकामवाल्याकडे जाऊन माझ्या नव्या पट्टीचं माप दिलं. तो म्हणाला, "मागच्या बाईएवढीच ना?" मी म्हटलं, "तीच बाई." तिथून रिक्षानं पुलापलीकडं कारध्याला गेले आणि वैनगंगेच्या काठावर बसून आलुबोंडे खाल्ले. नदी रुंद, संथ, आपल्याच कामात. खांद्याला काहीही अडकवलेलं नव्हतं आणि तो दुखत होता.

घरी पोचल्यावर नवऱ्यानं दारातच विचारलं, "गिटार?"

"पाण्यात."

"आठशे किलोमीटर जाऊन, आठशे किलोमीटर येऊन, तू हा डबा घेऊन आलीस?"

डबा चहापत्तीचा होता. आत वंगण. निघताना बाबांनी हातात दिला होता, 'जुनीले लावा, तोवर' असं म्हणून. मी ते माझ्या जुन्या, गॅस सिलिंडरएवढ्या जड बेसच्या तारांना लावलं. पुढच्या तालमीला आमच्या दाताच्या डॉक्टरनं गाणं मध्येच थांबवून विचारलं, "आज काहीतरी बरं वाजतंय. कोण आजारी आहे?" आता ती मला वाजवण्याआधी हातमोजे देऊ करते. खांदा तसाच आहे. फिजिओथेरपीवाली मुलगी या वर्षी गाडी घेतेय.

प्रमोदभाऊंच्या दुकानातून माझ्या बेसचे फोटो येतात. एका नाटकाच्या रंगमंचाखाली, कुण्या उंच पोराच्या गळ्यात ती लहान मुलाच्या खेळण्यासारखी दिसते. तीन ऑर्डरी आल्यात म्हणे. मी त्या फोटोंना अंगठ्याचं चिन्ह पाठवते आणि फोन पालथा ठेवते.

परवा घनश्यामला फोन लावला. उचलला बाबांनी.

"लाकूड कसं आहे?"

"पाण्यात हाय." पुढं म्हणाले, "तुमचं लाकूड भल्लं हलकं हाय, बाई. सारखं वर येऊन राहिलं होतं. काल उतरलो अन् आनखी एक दगड ठेवला."

"एवढ्या थंडीत? घनश्यामला सांगायचं ना."

"तो खोलीत हाय. कामात हाय." मग आवाज खाली आला. "अन् घाई करजा नका. कच्चं काढलं त कुरकुरते."

मी म्हटलं, "राहू द्या, बाबा. मला घाई नाही."